तडा गेलेली घंटा

"एक टूटी हुई घंटी के लिए तीन महीने?"

काचेपलीकडच्या गोऱ्या बाईनं मोडक्या हिंदीत विचारलं आणि नसरुद्दीनच्या मानेवरून घामाचा ओघळ सुटला. सौदीतल्या धाहरानच्या अमेरिकन वकिलातीत एसी असा सोडला होता की बाकीची रांग हात चोळत उभी होती.

"सिर्फ घंटी नहीं, मॅडम. पूरा फिलाडेल्फिया!" तो म्हणाला आणि सुटलाच. स्वातंत्र्याच्या कागदावर सह्या झाल्या ती विटांची इमारत, बुटक्या दारांची जुनी गल्ली, म्युझियमच्या पायऱ्या, घोडागाडी. सगळं एका दमात.

तेल कंपनीची बस चालवण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. अमेरिकन साहेबांना त्यानं विमानतळावर सोडलं होतं, अमेरिका मात्र फक्त फोनवर पाहिली होती. महिनाभर तो त्या शहराचे व्हिडिओ बघत होता. सुरुवात मुलाखतीसाठी केली, नंतर वेडच लागलं. जेवताना तो बायकोला, हफीजाला, तिथल्या स्वातंत्र्याच्या घंटेला तडा कसा गेला ते सांगायचा. ती म्हणायची, "मासा थंड होतोय."

खरं कारण वेगळंच होतं. फिलाडेल्फियात त्यांची मुलगी सुहाना राहत होती आणि तिला आठवा लागला होता. गेल्या वर्षी सहाव्यात तिचं बाळ गेलं, तेव्हा घरात ती एकटी होती. या वेळी हफीजाला तिच्याजवळ पोचायचंच होतं. पण ट्रॅव्हलवाल्या मनीषनं बजावलं होतं, "बाळंतपणाचं नाव काढू नका, चाचा. आयाचं काम करायला चाललात असं समजतील. फिरायला जातोय म्हणायचं, खलास."

गप्प राहायला हफीजाची हरकत नव्हती. पोटुशीची गोष्ट परक्यांच्या कानावर घालू नये, नजर लागते, हे ती राजापूरहूनच शिकून आली होती. पण तिचा आणखी एक नेम होता. तिच्या घरात 'नाही' आणि 'संपलं' हे शब्द चालत नसत. डब्यातला तांदूळ संपला की ती म्हणायची, "तांदळाला बरकत आहे." तिच्या आईकडची रीत. सुहाना लहानपणी या रीतीवर खूप हसायची. गेल्या वर्षी जावयाचा फोन आला, "अम्मी, बाळ नाही राहिलं." तेव्हापासून हफीजाच्या कानांना 'नाही' हा शब्द सोसवत नसे.

"बेटी वहीं रहती है ना?" काचेपलीकडची बाई म्हणाली. ती आता शेजारी उभ्या हफीजाकडे बघत होती. "बेटी माँ बननेवाली है क्या?"

"नहीं," नसरुद्दीननं ताडकन उत्तर दिलं.

"है!"

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. हफीजानं काचेवर हात ठेवला होता.

"है, मॅडम. आठवाँ चालू है. ये कुछ भी बोलते. मैं उसकी डिलिव्हरी को जाती."

बाईनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. मग ती बराच वेळ टाइप करत राहिली. नसरुद्दीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पासपोर्ट आत राहिला तर सुटलो, फटीतून परत आला तर मेलो, हे रांगेतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. बाईनं एक पासपोर्ट बाजूला ठेवला आणि दुसरा फटीतून बाहेर सरकवला.

"एक को मिला. एक को नहीं. सॉरी."

नसरुद्दीननं तो न उघडताच खिशात कोंबला. उघडून काय बघायचं? हफीजाचाच असणार.

बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. गाडीपर्यंत त्याच्या तोंडाचा पट्टा चालू होता.

"घात केलास, हफीजा! किती पढवलं तुला! आता मी एकटा जाऊन काय करू? बाळाला आंघोळ मी घालू? तिला शेक मी देऊ?"

"तुम्ही तो शब्द काढलात," ती म्हणाली. "तिच्या पोटातल्या बाळावर."

"अगं, व्हिसासाठी काढला!"

"तो शब्द घेऊन मी तिच्या दारात कशी जाणार होते?"

तो गाडीत बसला. खिशातला पासपोर्ट काढून त्यानं रागारागानं उघडला आणि तसाच बघत राहिला. आतून त्याचाच मिशीवाला फोटो त्याच्याकडे डोळे वटारून बघत होता.

हफीजानं तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. "माझाच ना?" तिनं विचारलं.

"तुला मिळाला," तो म्हणाला.

ती गर्रकन वळली. नवरा सोबत नसताना ती कधी शेजारच्या खोबर शहरातल्या दुकानातसुद्धा गेली नव्हती. तिनं त्याच्या हातातल्या पासपोर्टकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे. तो रडवेला झाला होता.

"आणि तुमचा?"

नसरुद्दीननं पासपोर्ट मिटला. गाडी सुरू केली.

"बरकत आहे," तो म्हणाला. "त्या घंटेचा फोटो तेवढा पाठव."