हाताशी ठेवलेलं

पहिलं मूल गेलं तर आईबापांनी रडायचं नाही, पांढरं नेसायचं, ही घानाच्या कुमासी शहरातली रीत. लेक न्हिरा गेल्यावर ती पाळताना सेरवाचा जीव गुदमरला, पण तिचा नवरा ओपोकू आतूनच कोरडा निघाला. घरात आता दोघंच उरली होती. आठ महिन्यांनी ती घरातला कॉम्प्युटर उचलून दुरुस्तीवाल्याकडे आली.

"माझ्या न्हिराचं यात जे जे असेल ते पेनड्राइव्हवर काढून द्या, दादा. मी माहेरी चाललेय, कायमची. त्या दगडासोबत आता माझा एक दिवसही निघायचा नाही."

एकेक फोटो उघडताना मशीन रडकुंडीला आलं.

"एसएसडी असती ना ताई, तर सगळंच झटकन उघडलं असतं. ही हायब्रिड डिस्क. घरात रोज जे बघतात तेवढंच ही हाताशी ठेवते, बाकीचं माळ्यावर."

मग त्याने पाचव्या वाढदिवसाचा व्हिडिओ क्लिक केला न केला तोच, तोंडभर वाढदिवसाचा एतो, कुस्करलेल्या केळ्याचा लगदा, माखलेली न्हिरा "बाबा, बघ ना!" म्हणत खिदळायला लागली.

"हा बरा रोज बघता तुम्ही!"

 

न्हिरा गेल्यापासून सेरवाने त्या कॉम्प्युटरला आज पहिल्यांदाच हात लावला होता.