पासिंग

यवतचा गॅरेजवाला इरशाद आपली जुनी मोटरसायकल पासिंगला न्यायला निघाला. तिचं मागचं टायर पार गुळगुळीत झालं होतं. संघर्ष नावाच्या पोरानं सर्व्हिसिंगला टाकलेल्या तसल्याच गाडीचं नवं चाक त्यानं तेवढ्यापुरतं आपल्या गाडीला चढवलं आणि आपलं जुनं त्या पोराच्या गाडीला लावून ठेवलं. गाडी पास झाली. पण तो परत यायच्या आधीच संघर्ष आपली गाडी घेऊन गेला होता, आणि चौफुल्याच्या वळणावर ती घसरली.

इरशाद धावत दवाखान्यात पोचला. संघर्षचा पाय प्लास्टरमध्ये होता.

"तुमची सर्व्हिसिंग एक नंबर होती भाई. माझंच चुकलं."

त्याची आई जाईबाई कळवळून म्हणाली, "तुम्हीच सुनावा त्याला दोन शब्द. तुमचं ऐकतोय त्यो."

खरं काय ते सांगून टाकायला इरशादनं तोंड उघडलं.

"गाडी हळू चालवत जा रं," तो म्हणाला.