फाटलेला, पण ऊबदार

संगीतात शेवटचा न्याय कानच करतो. हे वाक्य साईराजनं बँडच्या पहिल्या पत्रकावर ठळक छापून घेतलं होतं. तेव्हा त्याचा उजवा कान गेलेला होता आणि डावा त्याच वाटेला लागला होता. पण पत्रकात तेवढी जागा नव्हती.

शहापुरात भरमूअण्णांच्या वाद्यांच्या दुकानात काउंटरवर दोन पेडलं मांडली होती. गिटारचा आवाज मुद्दाम फाडायचा, हे दोन्हींचं काम. एक साधं. दुसऱ्यात जुन्या रेडिओत असायची तसली काचेची ट्यूब, तिच्यापुढे छोटी खिडकी. बटण दाबलं की आत नारिंगी उजेड. ट्यूबनं आवाज फाटतो, पण ऊबदार फाटतो, असं जाणकार म्हणतात. साईराजही म्हणायचा. जाणकारांचं त्यानं सगळं वाचून ठेवलं होतं.

घरून निघताना यमनाप्पांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, पेडल म्हणजे काय ते विचारून घेतलं होतं. "पायानं दाबायचं? मग पावडीच की रं ती. जुन्या हातमागाला हाय की आपल्या. तीच घिऊन जा."

"ट्यूबवालंच घ्यायचं," साईराज आता म्हणाला. "ह्याचा सूर मधागत हाय."

"मधागत," नागेंद्र म्हणाला. नागेंद्र ड्रम वाजवायचा, कार्यक्रम ठरवायचा आणि बँडमध्ये कोण राहणार हेही ठरवायचा. "गेल्या खेपेला स्टेजवर तू माझ्या हाताकडं बघून वाजवत हुतास, गड्या. एक ठोका मागं. ऐकू येतंय न्हवं तुला?"

"तुझाच ठोका मागं पडतोय. लगीन झाल्यापासनं."

भरमूअण्णा हसले. गाणारी आरोही हसली नाही. ती वडगावचीच, साईराजच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून.

"मग पाठ फिरव," नागेंद्र म्हणाला. "अण्णा वाजवतील. कुठलं पेडल ते तू सांगायचं. चुकलास तर रविवारी निपाणीच्या कार्यक्रमाला दुसरा गिटारवाला. कबूल?"

गिटार सोडली तर साईराजसाठी घरचा यंत्रमाग होता, आणि त्याच्या खडखडाटात उरलेला डावा कानही जाणार होता.

"कबूल की," तो म्हणाला आणि पाठ फिरवली.

देव कधी कधी बहिऱ्यालाही भेटतो. समोर बासऱ्यांचं काचेचं कपाट होतं आणि काचेत मागचं सगळं दुकान उभं होतं.

भरमूअण्णांनी गिटार छेडली. पायाखालच्या फरशीतून थोडी घरघर वर आली, एवढंच. काचेत नारिंगी उजेड पेटला.

"ट्यूब," साईराज म्हणाला. "काय ऊब हाय बघा."

पुन्हा घरघर. काच काळी.

"साधं. कोरडं. पत्र्यावर खडे टाकल्यागत."

"ट्यूब." "ट्यूब." "साधं."

एकही चुकलं नाही. भरमूअण्णांनी मान डोलावली. "कान हाय बाबा पोराचा," असं ते म्हणाले. तेही साईराजनं काचेतच पाहिलं. वडगावात घरोघर यंत्रमाग. त्या खडखडाटात ओरडून काही होत नाही, म्हणून लोक एकमेकांच्या ओठांकडे बघतात. साईराज अक्षरं वाचायच्या आधी ओठ वाचायला शिकला होता.

मग आरोही नागेंद्रच्या कानाला लागली. तिनं तोंडावर हात धरला होता. नागेंद्रनं मान हलवली, कपाटाकडे एकवार पाहिलं आणि भरमूअण्णांकडे वळून बोलला. ओठ स्वच्छ दिसत होते.

"ठार भैरा हाय ह्यो. रविवारी सदलग्याच्या साईनाथला बोलवू."

साईराजच्या डोक्यात ट्यूब पेटली. चालून आलेली संधी होती ही. पाठमोऱ्या माणसानं एवढी हळू कुजबूज ऐकली, तर त्याच्या कानावर पुन्हा कोण बोट ठेवणार?

त्यानं घाई केली नाही. खिशात हात घातले, कपाटातली एक बासरी निरखल्यासारखं केलं आणि मागं न वळता म्हणाला, "बोलव की साईनाथला. आरतीला टाळ चुकतोय त्यो. आणि भैरा कुणाला म्हणतोस रं? तुझी कुजबूजसुद्धा ऐकू येतीय मला."

काचेत कोणी हललं नाही. भरमूअण्णांनी गिटार हळूच खाली ठेवली. साईराज वळला. जिंकल्यावर माणूस जरा सावकाश वळतो, तसा वळला.

नागेंद्र चिडला नव्हता. त्याच्या तोंडावर दया होती, आणि नागेंद्रची दया कोणाला आजवर लाभली नव्हती.

आरोही पुढे आली. त्याच्या अगदी समोर उभी राहिली आणि वडगावात घरच्या माणसांशी बोलतात तशी, प्रत्येक शब्द ओठांवर मांडत बोलली.

"त्यो बोललाच न्हाय, साईराज. नुस्तं ओठ हलिवलं त्यानं. मीच सांगितलं तसं करायला. आमचं आप्पा बी मागानं भैरं झाल्यात, असंच फसत्यात."

साईराजनं भरमूअण्णांकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघत होते, आणि ओठ दिसत नसल्यानं ते काय म्हणाले ते त्याला कळलं नाही.

नागेंद्रनं ट्यूबवालं पेडल बांधून घेतलं. हेच आण, असं साईनाथनं त्याला सकाळीच फोनवरून सांगून ठेवलं होतं.