कच्ची सडक

लग्न लागलं, तरी गंगी नवऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती. रहेमानच्या पिकअपमध्ये मागे ती एका टोकाला, किसनसिंग दुसऱ्या. सासू जमनाबाई पुढे, रहेमानच्या शेजारी. पहिल्याच खड्ड्याला गंगी उडाली ती थेट किसनसिंगच्या मांडीवर!

"लागलं काय?"

"नाही जी."

ती लाजून सरकली, तोच दुसरा खड्डा. दोघं खदखदून हसली. मग तिनं सरकणंच सोडलं. पुढे जमनाबाई कंबर धरून सडकेला शिव्या घालत होती.

फाटा आला.

"चाची, आता डांबरीनं घेतो. पोटातलं पानी हालनार नाही."

गंगीचा चेहरा पडला. जमनाबाईनं मागच्या काचेतून तो पाहिला.

"डांबरी कायले रे बापा? कच्च्यानंच घे. कंबर मी उद्या शेकीन."