सोमवारची दाढी

सोमवारी दत्तात्रेयचं रोह्यातलं दुकान बंद, म्हणून सोमवारीच तो मनोरुग्णांच्या दवाखान्यात दाढ्या करायला जायचा. सात वर्षं झाली, कुणाच्या गळ्याला साधा ओरखडा नाही. मग माणूस जरा ऐटीत चालणारच की!

आज मात्र नवे डॉक्टर शौनक त्याच्या खुर्चीपाशी सायक्लोस्टाइलचा फॉर्म घेऊन उभे. कुठला पेशंट कधी हात उचलेल, ते म्हणे आता गुणांवर ठरणार. दाढीसाठी आलेल्या जनूला वीसपैकी तेरा पडले होते. महिन्यापूर्वी त्यानं वॉर्डातलं स्टूल फोडलं, ते भोवलं. उद्या पेणजवळ गावात त्याच्या लेकीचं, सरूचं लग्न, आणि बाप इथं अडकणार.

"तेरा म्हणजे धोका," डॉक्टर म्हणाले. "घरी नाही सोडता येणार."

"गुण ऱ्हाऊ द्या सायेब, मान बघा. हात उठायच्या आधी मान ताठते. स्टूल फोडलान त्या सकाळी मी याला वस्तरा लावलाच नाय. मान नुसती लाकूड! इचारा सिस्टरना."

जनू खुर्चीत बसला. मिठागरात रापलेली मान त्यानं मागं टाकली, आणि वस्तरा गळ्यावर असतानाच चक्क घोरायला लागला.

"औषधानं येते झोप," डॉक्टर म्हणाले.

"बरं! मग तुमी बसा. तुमची पण वाढलीय."

डॉक्टर हसत बसले. जनू उठून त्यांच्या पाठीमागं जाऊन उभा राहिला. डॉक्टरांचं हसू गेलं. दत्तात्रेयनं वस्तरा टेकवला आणि लगेच उचलला.

"सायेब, मान सैल सोडा."

"सैलच आहे."

"कुठली! त्या दिवशी जनूची पण इतकी ताठ नव्हती."

जनूनं दोन्ही तळवे डॉक्टरांच्या डोक्याखाली धरले, तान्ह्या लेकराला न्हाऊ घालताना धरतात तसे. "भार टाका सायेब. मी धरलंय."

बऱ्याच वेळानं मान सैल पडली. दत्तात्रेयनं सावकाश दाढी पुरी केली, तुरटी फिरवली. डॉक्टरांनी गालावरून हात फिरवला, मग सिस्टरकडून रजेचा कागद मागवला.

"दोन दिवस. दत्तात्रेय सोबत राहणार असेल तर."

"ऱ्हातो की! मांडवात नवरदेवाची दाढी मीच करीन."

जनू टॉवेल झटकता झटकता थांबला.

"मग तुमी पण या लग्नाला, सायेब," तो म्हणाला. "दाढी तर झालीच हाय."