वादी

आखातातल्या अल ऐन शहरात, आमच्या ऑफिसात जमीनवापराचे नकाशे बनतात. डाबरे सरांनी मला वादीच्या, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या नदीच्या, पात्रातच लेबर कॅम्पचा पिवळा रंग भरायला लावला.

मी म्हटलं, "सर, कंटूर बघा. सगळं पाणी इथेच उतरतं."

"इथे पाऊस कुठे पडतो? यल्ला, चल, भर."

पाऊस पडला. कॅम्पवर राहणारा आमचा सर्व्हेवाला सदानंद वाहून गेला. तक्रार करायला कोणी पुढे आलं नाही. मॅटर खलास.

सदानंद हसून म्हणायचा, "मॅडम, आपल्याकडे वादी म्हणजे फिर्याद करणारा!"

हल्ली प्रत्येक प्रिंटमध्ये वादीची निळी रेघ पुढे सरकलेली असते. स्क्रीनवर ती जागच्या जागी दिसते, कागदावर मात्र शहरात शिरते.

आज दुपारी ती आमच्या ऑफिसच्या चौकोनाला टेकली. चौकोनात देवनागरीत एकच शब्द उमटला होता.

"रुपाली, हे तू लिहिलंस?" सरांनी प्रिंट माझ्यापुढे धरली.

"नाही सर." तो शब्द मी कोर्टातल्या पुकाऱ्याच्या सुरात वाचला. "प्रतिवादी! हजर आहेत का?"

बाहेर रणरणतं ऊन होतं. जिन्यावरून पाणी वर चढत असल्याचा आवाज येत होता.

सर म्हणाले, "दार लाव."

मी उघडलं.