पाहुण्यांचं नेटवर्क

"समोर बसलाय, हिरवा दिवा लागलाय, आणि हा मेला फोन म्हणतो प्रिंटर सापडत नाही." पेरीनाने फोन टेबलावर पालथा टाकला.

बाल्दो हसला. तो शेजारचाच. उभी हयात जहाजांवर रेडिओ सांभाळण्यात घालवून आता घरी बसला होता. गावात कुणाचा टीव्ही रुसला की लोक आधी त्यालाच हाक मारत. गेल्याच आठवड्यात त्याने पेरीनाच्या फोनवरची अक्षरं मोठी करून दिली होती. त्यासाठी फोन दुपारभर आपल्या घरी नेला होता.

"एवढी घाई कसली, मावशी?"

"उद्या नोटरीकडे जायचंय. घर निक्शाच्या नावावर करतेय. त्याने कागद पाठवलाय, पण सही करायच्या आधी मला तो हातात धरून वाचायचाय."

"अच्छा. करतेस तर," बाल्दो म्हणाला आणि चष्मा पुसू लागला.

दोन्ही घरांच्या अंगणांत एकच भिंत होती. ती पाडली तर बंदरापर्यंत कशी नजर जाईल, हे बाल्दो दर उन्हाळ्यात बोलून दाखवायचा. पेरीना हसण्यावारी न्यायची.

त्याने प्रिंटर बंद करून चालू केला. संत व्लाहोच्या तसबिरीमागे दडवलेला राउटर पुढे ओढला. फोन प्रिंटरला अगदी चिकटवून पाहिला. काही उपयोग झाला नाही. मग त्याने फोनमधली सेटिंग्ज उघडली.

"मावशी, हा फोन तुला लावून कुणी दिला?"

"निक्शाने. ईस्टरला आला होता तेव्हा. का रे?"

"काही नाही."

"काही नाही काय? तोंड उघड."

"तुझ्या घरात दोन नेटवर्क आहेत. एक 'घर', एक 'पाहुणे'."

"माहितीये. वरच्या खोल्या उन्हाळ्यात भाड्याने देते, त्या लोकांसाठी निक्शाने वेगळं करून दिलंय. त्याचा पासवर्ड जिन्यात चिकटवलाय. घरचा पासवर्ड वेगळा." पेरीना जराशी लाजली. तिचा नवरा तिला एकांतात ज्या नावाने हाक मारायचा, ते नाव तिने पासवर्ड म्हणून लेकाच्या कानात सांगितलं होतं, आणि तो पोट धरून हसला होता.

"तुझा फोन पाहुण्यांच्या नेटवर्कवर आहे," बाल्दो हळूच म्हणाला. "त्यावरून बाहेरचं सगळं जग दिसतं, घरातलं काही दिसत नाही. प्रिंटर नाही, टीव्ही नाही. परक्या माणसाने घरात डोकावू नये म्हणून तशी सोय असते."

"मी परकी?"

"मी कुठे तसं म्हटलं? मायलेकांच्या मध्ये मला पाडू नकोस. चुकून झालं असेल." त्याने टीव्हीकडे मान वळवली. "सूनबाई मात्र टीव्हीवर फोटो दाखवायची, नाही का? म्हणजे तिचा फोन घरच्यावर असणार."

पेरीना खाली बसली. तिच्या जिवाला फार लागलं. ज्या घराच्या चौकटी नवऱ्यासोबत तिने हाताने रंगवल्या, त्या घरात पोटच्या पोराने तिला भाडेकरूंच्या रांगेत बसवलं होतं. आणि तेही घर नावावर व्हायच्या आधीच.

तिने फोन लावला.

"निक्शा, उद्या येऊ नकोस. मी सही करणार नाही."

"आई? काय झालं?"

"मला पाहुणी केलंस ना? मग पाहुणी कधी घर लिहून देते का?"

"कसली पाहुणी? तू नेटवर्कचं बोलतेयस का? अगं, तुला मी घरच्याच नेटवर्कवर घातलं होतं. तुझ्यासमोर."

"मग त्याला पाय फुटले वाटतं," असं म्हणून तिने फोन ठेवला.

"तू बस, मी बघतो," बाल्दो म्हणाला.

"बसवत नाही रे, कॉफी करते. तू एवढं ते नीट करून दे."

ती चुलीपाशी वळली. तांब्याच्या भांड्यात कॉफी वर येईपर्यंत तिची पाठ त्याच्याकडे होती, आणि तिने मुकाट्याने डोळे पुसून घेतले. कॉफी ओतत असतानाच प्रिंटर घरघरला. कागद बाहेर आला.

"झालं. आता तू घरच्यावर आहेस," बाल्दो म्हणाला.

तिने कागद वाचला नाही. घडी करून सरळ चुलीत घातला.

"तुझ्या आईचं शेवटपर्यंत सगळं तूच केलंस," ती म्हणाली. "मी बघितलंय. म्हातारपणी सांभाळायचं आणि मागे घर घ्यायचं, असा करार लोक करतातच ना? उद्याची वेळ घेतलेलीच आहे. तूच चल."

"रागाच्या भरात काही करू नकोस, मावशी. नीट विचार कर." बाल्दोने कॉफीसोबतच्या सुक्या अंजिराचा देठ खुडला. "मी काय, बोलावलंस तर येईन."

दुसऱ्या दिवशी दोघं गेली आणि सह्या झाल्या. निक्शाचे फोन येत राहिले. तिने एकही घेतला नाही.

हंगामाचे पहिले पाहुणे आले ते एक जर्मन जोडपं होतं. अंगणात बाल्दोने लावलेले गवंडी भिंत फोडत होते. पेरीनाने रीतीप्रमाणे पाहुण्यांसाठी कॉफी चढवली आणि जिन्यातला पासवर्ड दाखवला. तरुणाने फोन बघत नाक मुरडलं.

"हे फार मंद आहे हो. 'घर' नावाचं दुसरं जोरात दिसतंय. त्याचा पासवर्ड द्या ना."

"तो नाही मिळायचा," पेरीना कितीतरी दिवसांनी हसली. "तो शब्द सगळ्या जगात दोघांनाच माहीत आहे. मला आणि माझ्या लेकाला."

भांड्यातली कॉफी वर आली, उतू गेली, चुलीवर चर्रकन सांडली. ती काही भांडं उतरवायला वळली नाही. त्या दिवशीही अशीच कॉफी वर येत होती, आणि तेवढ्यात बाल्दोने तिचा फोन घरच्या नेटवर्कवर घेतला होता, तिला पासवर्ड न विचारता. म्हणजे तो शब्द फोनमध्ये आधीपासूनच होता, निक्शाने घातलेला.